बर्फी आणि जिलबी, दोन्ही

मुलगी झाली हे मला आधी फोटोतून कळलं आणि मग मुलाच्या फोनवरून. आमचा सगळ्या नातेवाइकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळचा चहा गाळत होते तेवढ्यात त्यावर फोटो आला. लालबुंद चेहरा, मिटलेले डोळे, डोक्यावर इस्पितळाची टोपी. मी चष्मा शोधून आणेपर्यंत खाली फुलांचे गुच्छ आणि जोडलेल्या हातांची रांग लागली होती. पुण्याच्या नणंदेने फुगे पाठवले, ठाण्याच्या दिरांनी नाचणारं अस्वल. आजी मी, आणि अभिनंदन करण्यात माझा नंबर शेवटून पहिला. त्या अस्वलाच्या खाली काय लिहावं हे मला सुचेना, म्हणून मी काहीच लिहिलं नाही.

मुलगा बंगळूरला असतो. सुनेची आई आधीच तिथे जाऊन राहिली आहे, घर लहान, आणि माझा गुडघा जिने चढू देत नाही. तेव्हा मी बारशालाच यावं असं आधीपासून ठरलेलं होतं. त्यात कुणाचं काही चुकलेलं नाही. सगळ्यांचं बरोबर असलं की माणसाला रागवायलाही जागा उरत नाही, आणि मला तर दिवसातून एकदा कुणावर तरी रागावल्याशिवाय करमत नाही.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. रात्रभर जागून दमला होता, पण आवाजातलं हसू लपत नव्हतं. बाळ छान आहे, बाळाची आई छान आहे, रडण्याचा आवाज मात्र तुझ्यावर गेलाय, असं त्याने सांगितलं. ठेवता ठेवता म्हणाला, "आई, तू तिकडे मिठाई वाट हं. आपल्या पद्धतीने. बर्फी आणि जिलबी, दोन्ही." संध्याकाळी निवांत फोन करतो, तेव्हा सगळं सांग, कोण काय म्हणालं ते. मी हो म्हटलं.

आपल्या पद्धतीने म्हणजे कसं, ते सांगायला हवं. ही पद्धत ना महाराष्ट्रात आहे ना गुजरातेत. ती फक्त बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत होती, आणि माझ्या वडिलांनी घातलेल्या घोळातून निघाली होती.

वडील कोकणातून रेल्वेच्या नोकरीवर बडोद्याला आले तेव्हा त्यांना गुजराती येत नव्हतं. म्हणजे ते बोलत, पण ते गुजराती आहे असं फक्त त्यांनाच वाटे. मी झाले तेव्हा त्यांना इथे येऊन वर्षही झालं नव्हतं. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, एवढा हिशोब ते गावाहून घेऊन आले होते. गल्लीच्या तोंडाशी कंदोयाचं दुकान होतं. कंदोई म्हणजे हलवाई, पण आम्ही बडोद्याची मराठी माणसं घरातसुद्धा त्याला हलवाई म्हणत नसू. त्याच्याकडून बर्फी घेऊन वडील दारोदार फिरले. मराठी घरांत काम सोपं झालं. गुजराती घरांत लोकांनी बर्फी तोंडात टाकली आणि प्रमोशन मिळालं का म्हणून विचारलं. त्यांच्याकडे मुलाचा पेंडा आणि मुलीची जलेबी. बर्फीचा आणि बाळाचा संबंध त्यांना लागणार कसा? वडिलांना प्रश्न कळला नाही. ते आनंदात हो हो म्हणत पुढच्या दाराला गेले. गल्लीतले एक जण रेल्वेतच होते. त्यांच्यामार्फत नव्या कारकुनाला बढती मिळाल्याची बातमी कचेरीत पोचली आणि साहेबांनी वडिलांना बोलावून विचारलं की ही बढती दिली कुणी.

खरा उलगडा झाला तो समोरच्या काकींमुळे. त्या गुजराती घरातली नवी नवरी, डोक्यावरचा पदर अजून सांभाळता येत नव्हता. आई मला घेऊन इस्पितळातून आली तेव्हा त्यांनी दुपट्यात डोकावून पाहिलं आणि भर गल्लीत वडिलांना विचारलं, "भाई, दीकरी आवी, ने जलेबी क्यां?" मुलगी आली, मग जिलबी कुठे? वडील तसेच पायात चपला सरकवून गेले, कढईतली जिलबी तोलून घेतली आणि पुन्हा सगळ्या घरांतून फिरले. ही गोष्ट आई सांगायची, आणि ती सांगत असली की काकी मध्येच तोंड घालून सुधारायच्या. चपला घातल्याच नव्हत्या, अनवाणी धावले, असं त्यांचं म्हणणं.

पुढे आमच्या गल्लीत तोच शिरस्ता पडला. मराठी घरात मुलगी झाली की मराठी शेजाऱ्यांना बर्फी, गुजराती शेजाऱ्यांना जिलबी. मग एकेका घरून कुरकुर सुरू झाली, की त्यांना ती तर आम्हाला ही का नाही, आणि सगळ्यांनाच दोन्ही जाऊ लागलं. गुजराती घरांनीही मुलीला बर्फी जोडली. मुलाला मात्र पेढे, एकच फेरी, की झालं. त्यामुळे कुणाकडे बाळ व्हायचं असलं की आम्ही गल्लीतली पोरं मुलगीच होऊ दे म्हणून देवाला साकडं घालायचो.

कंदोयाचं दुकान अरुंद होतं आणि कंदोई रुंद. सकाळी तो कढईसमोर मांडी घालून बसला की दुकानात दुसरं माणूस मावत नसे. जिलबी फक्त सकाळी. शाळेची घंटा होण्याच्या सुमाराला कढई उतरायची, आणि नंतर कुणी मागितली तर तो मान हलवून उद्या या म्हणायचा. शिळी जिलबी विकणं त्याला पटत नसे. संध्याकाळी मोहनथाळ, मगस, कोपरापाक यांची ताटं रिकामी झाली की तळाशी जो चुरा उरायचा त्याला भूको म्हणत. तो कागदाच्या पुडीत बांधून आम्हाला मिळायचा. त्यात काय काय आहे ते ओळखायचा आमचा खेळ चालायचा. सगळ्याला वेलदोड्याचा आणि थोडा शेवेचाही वास असायचा, कारण शेवेचं ताट शेजारीच.

होळीच्या दिवसांत तिथे साखरेचे हारडे टांगलेले असत. आपल्या गाठी, त्याच. पण गुजराती घरांना त्या होळीला लागतात आणि आम्हाला पंधरा दिवसांनी पाडव्याला. होळी झाल्यावर हारडे करतं कोण? म्हणून कंदोई मराठी घरांपुरत्या माळा मोजून वरच्या खुंटीला अडकवून ठेवी आणि कुणी कितीही मागितल्या तरी काढत नसे. त्या मराठी लोकांच्या आहेत, एवढंच सांगे. दर वर्षी काही दिवस त्या दुकानात आमच्यासाठी काहीतरी राखून ठेवलेलं असायचं. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आता पाडव्याला मॉलमधून प्लास्टिकच्या पिशवीतल्या गाठी आणते तेव्हा वाटतं.

पण खाण्यापेक्षा मला वाटणं जास्त आठवतं. मोठी माणसं कामात असत, त्यामुळे डबे घेऊन फिरायचं काम माझ्याकडे यायचं आणि मला ते फार आवडायचं. दार उघडलं की समोरचं माणूस आधी विचारायचं, काय झालं? डब्यातली जिलबी दिसत असायची, बातमी गल्लीभर कधीच झालेली असायची, तरीसुद्धा विचारायचं. मग कुणाला झालं, बाळंतीण कशी आहे, नाक कुणाचं घेतलंय, सगळी चौकशी उंबऱ्यावर व्हायची. मिठाई हे निमित्त असतं. कुणीतरी आपल्याला काय झालं म्हणून विचारावं, यासाठी ती वाटायची असते. हे मला तेव्हाच कळलं होतं, फक्त असं सांगता आलं नसतं.

माझा मुलगा झाला तेव्हा आम्ही बाजव्याच्या बाजूला राहत होतो. नवरा रिफायनरीत होता. पेढे वाटले, एक फेरी, मघाशी म्हटलं तसं. दुसरं मूल झालं नाही. म्हणजे माझ्यानंतर आमच्या घरात आलेली ही पहिली मुलगी. दोन फेऱ्यांचा मान इतक्या वर्षांनी माझ्या वाट्याला आला होता. नवरा जाऊन आता काही वर्षं झाली, छाणीकडच्या या फ्लॅटमध्ये मी एकटी असते, आणि कित्येक दिवस असे जातात की दूधवाल्याशी बोलणं होतं तेवढंच. त्या सकाळी मला फार काही नको होतं. बडोद्यात कुणीतरी मला काय झालं म्हणून विचारावं आणि मी सांगावं, नात झाली. एवढंच.

चांगली साडी नेसले, स्टीलचे दोन डबे घेतले आणि रिक्षा करून दांडिया बाजारात गेले. जिलबी गरम आहे तोवर हाती लागायला हवी म्हणून न जेवताच निघाले.

दुकान आहे अजून. काच आली, एसी आला, चॉकलेटची बर्फी आली, शुगर फ्रीची वेगळी ताटं आली. गल्ल्यावर कंदोयाचा नातू बसतो. रुंदी आजोबांचीच आहे. जिलबीची कढई बाहेर काढलेली आहे आणि ती आता दुपारपर्यंत चालते. मी मुद्दाम जरा मोठ्याने म्हटलं, बर्फी आणि जलेबी दोन्ही द्या. त्याच्या आजोबांनी हे ऐकून कढईसमोरूनच विचारलं असतं, कोणाकडे आली? नातवाने विचारलं की खोका गिफ्टचा हवा की साधा. मी डबे पुढे केले. त्याने ते बिनतक्रार भरून दिले. मागच्या माणसाने हात पुढे घातला तशी मी बाजूला झाले. नातवाची काही चूक नव्हती, पण मी पायरी उतरताना त्याच्यावर मनातल्या मनात भरपूर रागावून घेतलं.

गल्लीतल्या आमच्या जुन्या घरात आता स्टीलच्या भांड्यांचं गोदाम आहे. शटर अर्धं खाली होतं. शेजारचं मराठी घर बंद, ती मंडळी पुण्याला मुलाकडे गेलीत ती गेलीतच. पलीकडच्या घरात कॉलेजची मुलं भाड्याने राहतात. त्यांचं दार वाजवलं. एक जण आला, मागे दोघं लॅपटॉपवर वाकलेले. मी डबा उघडला तर तिघांचेही चेहरे फुलले. भरभरून घेतली, माझ्याच हातातल्या डब्यावर ओणवे होऊन तिथेच खाल्ली, थँक यू आंटी म्हणाले. मी उभी राहिले. त्यांनी हसून दार लावून घेतलं. गोड पोरं होती, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. पण जिलबी कशाची ते एकानेही विचारलं नाही.

मग मी समोर वळले. खरं सांगायचं तर माझी सगळी भिस्त काकींवरच होती. बाकीची दारं मी उगाच आधी वाजवली, शेवटचा घास चांगला असावा म्हणून. आईवडील गेल्यावरही मी काकींकडे वर्षातून एकदोनदा जात असे. त्यांना ऐकू कमी येई, पण हात धरला की सोडत नसत. या वर्षी गुडघ्यामुळे जाणं झालं नव्हतं. त्यांच्या दाराशी उभी राहून मी पदर सारखा केला. काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं. काकी विचारतील त्याच्या आधी आपणच म्हणायचं, काकी, या वेळी जिलबी मागायला लागू नये म्हणून आधीच घेऊन आले.

दार त्यांच्या सुनेने उघडलं. मला बघून ती नुसती बाजूला झाली. आत भिंतीवर काकींचा फोटो होता आणि फोटोला चंदनाचा हार.

श्रावणात गेल्या. मला कळवायचं राहून गेलं, माझा नंबर काकींनाच ठाऊक होता आणि तो त्यांच्या जुन्या फोनबरोबर गेला, असं सूनबाई म्हणाली. मी खुर्चीवर बसले आणि दोन्ही डबे पायाने हळूच खुर्चीखाली सारले. सांत्वनाला यायला हवं होतं त्या घरी मी नात झाल्याची मिठाई घेऊन शिरले होते. आता ते डबे कुणाच्या नजरेस पडू नयेत एवढीच काळजी लागून राहिली.

सून बोलत राहिली. तिलाही कुणीतरी हवंच होतं. शेवटचे दिवस कसे गेले, काकी काय खायच्या, काय खात नसत, कुणाकुणाला हाका मारायच्या. चहा आणला, तिचा स्वतःचा बिनसाखरेचा. सासूबाई गेल्यापासून वरसीपर्यंत, वर्षाच्या श्राद्धापर्यंत, तिने गळपण सोडलं होतं, म्हणजे गोड अजिबात बंद. हे ऐकल्यावर मी डबे पायाने आणखी आत ढकलले. मी तिचा हात धरून बसले आणि मलाही रडू आलं. तिला वाटलं मी काकींसाठी रडतेय. ते खरंच होतं. पण मी स्वतःसाठीही रडत होते. माझ्या जन्माचा गोंधळ डोळ्यांनी पाहिलेलं शेवटचं माणूस गेलं होतं, आणि त्या गोष्टीत माझे वडील अनवाणी धावले की चपला घालून, हे आता कुणीच मला सुधारून सांगणार नव्हतं.

निघताना मी वाकून डबे उचलले तेव्हा तिने पाहिलेच. म्हणाली, "बेन, आमां शुं छे?" यात काय आहे म्हणून.

सकाळपासून कुणीतरी विचारावं म्हणून मी फिरत होते, आणि विचारलं ते या घरात. तिचे डोळे अजून ओले होते.

"काही नाही," मी म्हटलं. "घरचं सामान."

रिक्षात डबे मांडीवर होते. छाणीपर्यंतचा रस्ता मला इतका लांब कधी वाटला नव्हता. ऊन चढलं होतं, जिलबीची वाफ झाकणाला धरली होती आणि ती मऊ पडत चालली आहे हे न उघडताच कळत होतं. बिल्डिंगच्या फाटकाशी वॉचमन फोनवर कुणाशी तरी गावाकडचं भांडण भांडत होता. डाव्या हाताने त्याने जिलबी घेतली, मान झुकवली आणि भांडण पुढे चालू ठेवलं. माझ्यासमोरच्या फ्लॅटला कुलूप, नवराबायको दोघंही अलकापुरीत नोकरीला, रात्रीच येतात. खालच्या मजल्यावरच्या मुलीने दार उघडलं ती कानात बटणं घालून मीटिंगमध्ये. तोंडावर बोट ठेवून तिने चपलांच्या कपाटाकडे हात केला, तिथे ठेवा म्हणून. चपलांच्या कपाटावर नातीची बर्फी ठेवायला मी तयार नव्हते. मीही हात हलवला आणि वर आले.

डबे ओट्यावर ठेवले. स्वयंपाक करायचा होता, केला नाही. एखादा तुकडा तोंडात टाकावा तर तेही जमेना. मला साखरेचा आजार नाही, डॉक्टरांची मनाई नाही. पण वाटायला आणलेलं स्वतःच बसून खायचं, हे घशाखाली उतरलं नसतं. घरात टीव्ही होता, फ्रिजचा आवाज होता, ग्रुपवर आणखी कुणाकुणाचे फुगे येत होते. इतकं एकटं मला नवरा गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं.

दिवे लागायच्या सुमारास मुलाचा फोन आला, चेहरा दिसणारा. त्याने पहिलं तेच विचारलं.

"वाटलीस?"

"वाटली की," मी म्हटलं. "कमी पडली."

तो मनापासून हसला. बायकोला ओरडून सांगितलं, आईची मिठाई कमी पडली म्हणे. ती कुठूनशी हसल्याचं मला ऐकू आलं. मग त्याने विचारलं, समोरच्या काकी काय म्हणाल्या. लहानपणी तो माझ्याबरोबर त्यांच्याकडे यायचा, त्यांच्या हातच्या सुखडीच्या वड्यांसाठी. आज मुलगी झालेल्या माणसाला काकी गेल्याचं मी सांगणार नव्हते. मी म्हटलं, खूश झाल्या. म्हणाल्या, पोराला म्हणावं जिलबी पोचली. हे इतक्या सफाईने बोलून गेले की मला माझाच धाक वाटला.

"थांब, तिला दाखवतो," तो म्हणाला, आणि पडद्यावर अंधार, छत, पांढरी चादर असं काय काय फिरून शेवटी ती आली. झोपली होती. टोपी काढलेली, केस ओलसर, एक मूठ गालाला लावलेली. फोटोपेक्षा लहान. मी तिच्याकडे बघतच राहिले.

"बोल ना काहीतरी, आजी," फोनमागून मुलगा म्हणाला. "तुझा आवाज ऐकू दे तिला."

मी पुष्कळ काय काय ठरवलं होतं. दिवसभर फिरताना तिला सांगायच्या गोष्टी मनात जुळवत होते, तिच्या पणजोबांची, गल्लीची. तिच्या त्या मिटलेल्या डोळ्यांपुढे त्यातली एकही आठवेना. ती एवढीशी होती आणि तिने मला काही विचारलं नव्हतं, आणि तरी मी तिलाच सांगून टाकलं.

"कुणी घरी नव्हतं गं, बाळा."

मला वाटलं होतं हळू बोलले. पण त्यांच्याकडे फोनचा आवाज मोठा असावा. पडद्यावर ती तशीच झोपलेली होती. सून हसत होती ती थांबली. मुलाने फोन वळवला नाही, त्यामुळे त्याचा चेहरा मला दिसला नाही.

त्याने विचारलं, "आई, जेवलीस का तू?"

"नाही," मी म्हटलं.